सत्काराचा कागद

मला सत्कार या प्रकाराची चीड आहे. ती कशी आली ते एकदा लिहून टाकतो, कारण पत्रकात ते मावलं नाही. पत्रक म्हणजे एक कागद, पाठपोट. त्यात मागण्या बसतात, माणूस बसत नाही. आणि मी त्या काळात पत्रकांशिवाय दुसरं काही लिहीत नव्हतो. माझं वय तेवीस होतं आणि मला सगळं कळत होतं.

आमच्या संघटनेची धुळ्यात एक खोली होती. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. जळगावच्या हमालांचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बिनलग्नाचा होतो आणि ट्रकमधून जायला माझी ना नव्हती. नाक्यावर हात केला की ड्रायव्हर लोक घ्यायचे. पारोळा, एरंडोल करत दुपारपर्यंत जळगाव. केबिनमध्ये बसून मी त्यांना शोषण म्हणजे काय ते समजावून सांगायचो आणि ते मला सांगायचे, भाऊ, आधी दार नीट लाव.

ट्रक म्हटलं की लोकांना ड्रायव्हर आठवतो. त्याचे हाल आहेतच, त्याबद्दल मी कमी लिहिलेलं नाही. पण ट्रक रस्त्याला लागण्याआधी कुणीतरी भरावा लागतो, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. लोकांना वाटतं, पोती उचलायची आणि टाकायची, त्यात काय. तसं म्हणणाऱ्याला मी एकदा जळगावच्या ट्रान्सपोर्टच्या वखारीत उभा करायला तयार आहे. डाळीची पोती, कापसाच्या गाठी, पाइपांची बंडलं, वर कुणाच्या तरी बदलीचं कपाट, असं सगळं एकाच गाडीत चढायचं आणि उतरायचं मात्र पाच गावी. जे शेवटी उतरणार ते आधी चढवायचं. जड खाली, पण सगळं जड मागे गेलं तर घाटात गाडी तोंड वर करते. एका अंगाला जास्त झालं तर वळणावर कलते. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते तिथल्या हमालांच्या टोळीतल्या तेवीस माणसांना येत होतं आणि सगळ्यांत जास्त नानांना येत होतं.

नाना टोळीतले सगळ्यांत जुने. मूळचे भडगावकडचे, जळगावात येऊन एकवीस वर्षं झालेली, पिंप्राळ्याच्या टोकाला पत्र्याची एक खोली. घरात ते आणि त्यांची बायको अक्का, दोघंच. मुलगी पाचोऱ्याला दिलेली. नाना बोलायला कमी. गाडी अर्धी भरली की ते मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे आणि स्प्रिंगचे पाटे किती वाकले ते बघायचे. मग उठून एवढंच सांगायचे की डाव्या अंगाची दोन पोती काढा. ताडपत्री ओढून, दोर आवळून झाला की त्या दोराला बोटानं टिचकी मारायची आणि कान द्यायचा. आवाज मनासारखा आला नाही तर गाठ सोडून पुन्हा सगळं. पंजाबकडचे ड्रायव्हर, ज्यांना मराठीचा गंध नाही, तेसुद्धा नानांची टिचकी ऐकल्याशिवाय किल्ली फिरवत नसत.

आणि कागदावर हा माणूस कुठेही नव्हता. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, गाडीचा नंबर असतो, ड्रायव्हरचं नाव असतं, माल काय, कुणाचा, कुणाला, सगळं असतं. भरला कुणी, त्याला रकाना नाही. ट्रान्सपोर्टच्या मालकाला, शेठला, विचारलं तर ते म्हणत, हमाल मुकादमाचे. मुकादमाला विचारलं तर तो म्हणे, मी कुणाला ठेवत नाही बुवा, येतात ते येतात. म्हणजे तेवीस माणसं वर्षानुवर्षं सकाळी सातला कुणाचीच नसताना येत होती आणि ज्याला धनी आहे असा माल भरत होती.

हमालांची नोंद व्हायला हवी असा कायदा या राज्यात आहे. नोंद झाली की दवाखाना मिळतो, आणि मनात आलं म्हणून कुणाला हाकलता येत नाही. त्यासाठी एकच गोष्ट दाखवायची असते, की हा माणूस इथे काम करतो. ज्याच्या पाठीला पोत्यांचा घट्टा पडलाय, त्यानं पोती वाहिली याचा पुरावा आणायचा. आम्ही दोन वर्षं तो पुरावा शोधत होतो.

तो पुरावा शेठनं स्वतः छापून दिला. आणि मी गाढव, तो दिला जात असताना कुंपणाबाहेर उभा राहून घोषणा देत होतो.

झालं ते असं. त्या वर्षी दसऱ्याला शेठना कौतुकाची उबळ आली. गाड्या धुतल्या, बंपरला झेंडूच्या माळा बांधल्या, वखारीच्या आवारात मांडव घातला. प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी बोलावला. तेवीस हमालांना ओळीनं बसवलं, शेठनं एकेकाच्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधला, नारळ दिला आणि एक छापील प्रमाणपत्र दिलं. पुढारी भाषणात म्हणाला की तुम्ही या धंद्याची चाकं आहात. मी बाहेरून ऐकत होतो. चाकांत निदान हवा तरी भरतात.

मी पत्रकं वाटत होतो. वर मोठ्या टायपात ‘फेटे नकोत, नोंदणी द्या’. टोळीतल्या एकानं हसत हसत ते घेतलं, घडी उलगडून खुर्चीवर पसरलं आणि त्यावर बसला. खुर्च्या धुतल्यामुळे ओल्या होत्या आणि त्याचं धोतर नवं होतं. मी इतका तापलो की तिथून तडक निघून आलो. त्या प्रमाणपत्रावर काय छापलंय ते वाचावं, असं माझ्या मनातही आलं नाही. शेठ देतोय म्हणजे ढोंग असणार, मग वाचायचं काय? हा माझा पहिला मूर्खपणा. दुसरा पुढे येतो.

संक्रांतीनंतर एक दिवस कापसाची गाठ फळीवरून निसटली आणि नानांच्या उजव्या घोट्यावर आली. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. दीड महिन्यानं काढलं तेव्हा पाऊल वाकडं बसलेलं होतं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर हा पाय असाच. नाना काठी घेऊन वखारीत गेले तर मुकादमानं फार गोड आवाजात सांगितलं की नाना, आता तुम्ही आराम करा. त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा होता. ऑपरेशनचं काय, असं विचारलं तर मुकादमानं शेठकडे बोट केलं आणि शेठच्या कारकुनानं सांगितलं की त्या नावाचा आमच्याकडे कुणी माणूसच नाही.

हे ऐकून मी पिंप्राळ्याला गेलो. नाना खाटेवर, पाय उशीवर. अक्का चूल फुंकत होती. मी माझं नेहमीचं सुरू केलं, मोर्चा काढू, घेराव घालू. बोलता बोलता माझं लक्ष भिंतीकडे गेलं. देवांच्या तसबिरींशेजारी, त्यांच्याहून मोठ्या फ्रेममध्ये, काचेआड ते प्रमाणपत्र. मी उठून जवळ गेलो, निव्वळ तुच्छतेनं वाचायला म्हणून. त्यावर लिहिलं होतं की हे गेली एकवीस वर्षे आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये हमाल म्हणून निष्ठेने सेवा करीत आहेत. नानांचं नाव. खाली शेठची सही. गोल शिक्का.

मी ते तीनदा वाचलं. दोन वर्षं ज्या एका ओळीसाठी आम्ही दारोदार फिरत होतो, ती ओळ झेंडूच्या माळा लावून, भाषण करून, शेठनं तेवीस लोकांच्या हातात ठेवली होती. आणि ती लोकांच्या भिंतींवर, पेट्यांत, कपड्यांच्या घडीत पाच महिने पडून होती. मी अक्काला म्हणालो, हे उतरवून द्या, उद्याच अर्ज करतो. अक्कानं नानांकडे बघितलं.

नाना म्हणाले, “तो मानना कागद शे भाऊ. कोर्टाना नही.”

मी चिडलो. बरंच बोललो. ज्यानं तुमचं नाव नाही म्हणून सांगितलं त्याच्या मानाला काय चाटायचंय, असंही बोललो. नानांचं म्हणणं असं की शेठपर्यंत गोष्ट पोचलीच नसेल, कारकून परस्पर बोलला असेल. ज्या माणसानं आपल्या हातानं डोक्याला फेटा बांधला, तो आपल्याला ओळखत नाही असं कसं होईल? मी जाऊन भेटतो.

ते गेले. काठी टेकत, रिक्षा करून. शेठच्या केबिनबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसले. मीही सोबत होतो, पण त्यांनी मला फाटकाबाहेर थांबवलं, की तू दिसलास म्हणजे ते बिथरतील. दुपारी शेठ बाहेर आले, नानांना हात जोडून नमस्कार केला, यांना चहा द्या रे म्हणून आत सांगितलं आणि गाडीत बसून निघून गेले. चहा आला. नानांनी तो प्यायला, कप धुऊन ठेवला आणि बाहेर येऊन मला म्हणाले की कर अर्ज.

अर्ज केला. फ्रेम घरातच राहिली, तारखेला घेऊन यायची असं ठरलं. मागणी एकच होती, की नाना हे त्या ट्रान्सपोर्टचे कामगार आहेत असं ठरवावं. ते ठरलं असतं तर पायाचं ऑपरेशन शेठच्या डोक्यावर आलं असतं आणि नानांची जागाही त्यांना परत मिळाली असती. एका माणसाचं ठरलं की बावीस जणांचं ठरायला किती वेळ? मी त्या आनंदात धुळ्याला आलो आणि माझा दुसरा मूर्खपणा केला. पत्रक लिहिलं.

मला गप्प बसताच येत नव्हतं. जे कळलं ते छापायचं, एवढीच माझी शिकवण. प्रमाणपत्राचा मजकूर जसाच्या तसा मोठ्या टायपात, वर ‘शेठ, ही सही कुणाची?’ आणि शेवटी, मला आजही आठवलं की कान तापतात, शेवटी मी लिहिलं, ‘असे तेवीस पुरावे आमच्याजवळ आहेत.’ पाचशे प्रती. जळगावभर वाटल्या, उभ्या गाड्यांच्या मागच्या फळ्यांवर चिकटवल्या. चोराला कुलपाचा पत्ता देऊन आलो, वर किल्ली कुठे टांगली तेही सांगितलं.

आठवड्याच्या आत मुकादम पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघर गेला. सांगितलं, त्या दिवशी गडबडीत पुढारीसाहेबांची सही राहून गेली. कागद द्या, सही घालून, मोठा शिक्का मारून परत मिळेल. लोकांनी दिले. बावीसच्या बावीस जणांनी दिले. एकानं तर घडी पडली होती म्हणून वहीत दाबून, सरळ करून दिला.

मला कळलं तेव्हा मी वखारीत जाऊन भर उन्हात आरडाओरडा केला. ज्यानं दसऱ्याला माझ्या पत्रकावर बूड टेकलं होतं, तोच डोक्यावरचं फडकं सोडून घाम पुसत उभा होता. त्याला विचारलं, अरे, दिलास कसा?

तो म्हणाला, “तूच म्हणतो ना भाऊ, कागद पक्का पाहिजे? मोठी सही आली म्हणजे पक्काच झाला ना?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. रेशनकार्ड असो, जातीचा दाखला असो, जन्मभर यांना एकच सांगितलं गेलं, की वरची सही आण. तलाठ्याची आहे, तहसीलदाराची आण. खालच्या सहीचा कागद तोंडावर फेकायचा आणि वरच्या सहीसाठी चार खेपा घालायला लावायच्या. मग कुणी घरी येऊन, पेढा देऊन, वरची सही आणून देतो म्हटल्यावर ते नाही म्हणतील? त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांनी आधी मला म्हणावं. पत्ता मी छापला होता.

नवीन कागद पंधरा दिवसांत आले. जुन्यापेक्षा मोठे, रंगीत, एका कोपऱ्यात ट्रकचं चित्र. पुढाऱ्याची सही होती. मजकूर होता की हे समाजातील एक कष्टाळू नागरिक असून त्यांच्या श्रमप्रतिष्ठेस आमचे वंदन. ट्रान्सपोर्टचं नाव नाही, वर्षं नाहीत, हमाल हा शब्द नाही. श्रमप्रतिष्ठा! मी तो कागद उलटून मागची बाजूही बघितली. कौतुक वाढवलं होतं आणि त्यातून माणूस काढून टाकला होता. तसं करणाऱ्याला लिहायचं कसं ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मुकादम नानांच्या घरीही गेला होता. नाना तेव्हा दवाखान्यात, पाय दाखवायला. अक्का एकटी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि माझं पत्रकही तिनं ऐकलं नव्हतं. तिनं भिंतीकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं आणि फ्रेम काढायला साफ नकार दिला. कारण काय, तर काच बसवून घ्यायला ती स्वतः बाजारात गेली होती आणि दुकानदारानं एकदा काच फोडून तिला दोनदा हेलपाटा घालायला लावला होता. मुकादम म्हणाला, अहो, सही करायची आहे फक्त.

“सही करनी शे ना? मंग सायेबले आठे लई या. काचवर करू द्या. मी चहा ठेवस.”

साहेब काही पिंप्राळ्याला येणार नव्हता. मुकादम पेढे ठेवून गेला. पेढे अक्कानं मला दिले. मी खाल्ले नाहीत, तर म्हणाली, पेढ्यानं काय बिघडवलं तुझं?

तारीख लागली. कामगार कार्यालयातले अधिकारी उतारवयाचे होते, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. सावकाश वाचायचे, वाचताना ओठ हलायचे. एका बाजूला शेठ आणि त्यांचे वकील. दुसरीकडे आम्ही तिघं, नानांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम. टोळीतले चारजण दुपारची सुट्टी टाकून बाहेर व्हरांड्यात येऊन उभे होते.

अधिकाऱ्यांनी फ्रेम हातात घेतली, पूर्ण वाचली, शेठना विचारलं की सही तुमची? शेठ म्हणाले, हो. मग वकील उभे राहिले. त्यांनी समजावून सांगितलं की साहेब, हे सत्काराचे शब्द आहेत. लग्नाच्या पत्रिकेत आपण सगळ्या भाऊबंदांना आपले कृपाभिलाषी म्हणून छापतो, म्हणून काय कुणी घरात वाटा मागतं? माझे अशील उदार मनाचे, दसऱ्याचा दिवस, गोरगरिबांचं चार शब्दांनी कौतुक केलं. कौतुकात माणूस थोडं जास्तीचं लिहितो. त्याला पुरावा म्हणत नाहीत.

अधिकारी शेठकडे वळले. “म्हणजे यात लिहिलंय ते खरं नाही?”

शेठ नानांकडे न बघता म्हणाले की कौतुक म्हणून लिहिलं होतं.

मी उठलोच होतो. नानांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. काठीवर भार देऊन ते स्वतः उभे राहिले. त्यांना उभं राहायला वेळ लागला.

“शेठ, कागद खोटा शे. मानं मी. मंग तो फेटा कसाले बांधा व्हता?”

शेठना त्यांच्याकडे बघावं लागलं. ते म्हणाले, “नाना, मान वेगळा, काम वेगळं.”

“मंग मान ठेवा तुम्ही. माले काम द्या.”

मी शेकडो सभा ऐकल्या आहेत. इतकं कमी बोलून इतकं पुरं बोललेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. हीच माणसं धंदा चालवतात, आणि आम्ही त्यांच्या वतीनं बोलायला जातो.

अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे ओढला. म्हणाले, ठीक आहे, मी लिहून घेतो की आपण जाहीर समारंभात, पाहुण्यांच्या साक्षीनं, तेवीस जणांना खोटी प्रमाणपत्रं दिली. खाली आपण सही करा. त्यांनी ते खरंच लिहिलं, सावकाश, आणि पेन शेठपुढे धरलं.

शेठनं पेन घेतलं नाही. समारंभाचा वर्तमानपत्रात फोटो आला होता, त्यात पुढारी होता. त्या पुढाऱ्यानं आपल्या उपस्थितीत खोटं वाटलं, असं शेठ कसं लिहून देणार? आणि खरं म्हणावं तर नाना त्यांचे कामगार ठरत होते. वकिलांनी जेवणानंतर चालू करण्याची विनंती केली. मी मनात उड्या मारत होतो. असा पेच मी कुणाला घालू शकलो नसतो, शेठनं तो स्वतःच स्वतःला घातला होता.

व्हरांड्यात वकील आमच्याकडे आले. सिगारेट न पेटवता हातात धरून, फार आपुलकीनं बोलले. शेठ माणुसकीचे आहेत. नानांचं ऑपरेशन खासगी दवाखान्यात करून देतील. फाटकावर बसायचं काम देतील, रीतसर पत्रासह. अर्ज मागे घ्या आणि तो कागद परत द्या.

मी नाही म्हणालो. मला विचारलंच नव्हतं, तरी मी म्हणालो. मी नानांना सांगितलं की जेवणानंतर शेठला एकतर सही करावी लागेल नाहीतर कबूल करावं लागेल. तुमच्याजवळ तेविसांतला शेवटचा कागद आहे. तुम्ही तो दिलात तर बाकीच्या बावीस जणांना पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. चारजण तिथेच उभे होते, ऐकत होते, खाली बघत होते.

अक्कानं मला विचारलं, शेठनं कबूल केलं तर उद्या ऑपरेशन होईल का?

पत्रकात मी काहीही छापलं असतं. तिथे मला खरं सांगावं लागलं. शेठ वर दाद मागतील. दोन वर्षं, तीन वर्षं. अक्कानं नानांच्या पायाकडे बघितलं.

नानांनी चौघांकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाले, “तुले भांडाले दोन पाय शेतस, भाऊ. माले एकच शे.”

मी त्यांच्यावर रागावलो होतो, हे मी लपवणार नाही. त्या व्हरांड्यात मला नाना शेठपेक्षा मोठे गुन्हेगार वाटले. आता त्या रागाचं काय करायचं ते मला कळत नाही. तो नानांवर टाकता येत नाही, कारण मोडलेल्या घोट्यानं तीन वर्षं थांबून दाखवा असं कुणाला सांगणारा मी कोण? तो शेठवर टाकला तर शेठ नमस्कार करून गाडीत बसतात. बाकी मीच उरतो, आणि बावीस कागद.

पत्र टाइप होऊन आलं. अक्कानं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. कामगार हा शब्द कुठे आहे तिथे बोट ठेवायला लावलं. मग तिनं स्वतः फ्रेमच्या मागचे खिळे चमच्याच्या दांड्यानं उपसले, कागद बाहेर काढला, वकिलांच्या हातात दिला. अर्ज मागे घेण्याच्या कागदावर एक ओळ होती, की अर्जदाराने सदर अर्ज गैरसमजातून केला होता. नानांनी अंगठा उठवला. साक्षीदार लागतो म्हणाले. बाहेरचे चौघे केव्हाच निघून गेले होते. सही मी केली. त्या ओळीखाली, त्या शब्दाखाली, माझं पूर्ण नाव आहे आणि ते खोटं आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

नानांचं ऑपरेशन झालं, ठीक झालं. ते फाटकावर बसू लागले.

पण अर्ज मागे घेतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बावीस कोरे अर्ज घेऊन वखारीत गेलो. गाडी लागली होती, दाल मिलचा माल चढत होता. पहिल्याच माणसापुढे मी अर्ज धरला. तो पाठ वाकवून पोत्याखाली जायच्या तयारीत होता. त्यानं विचारलं की याला पुरावा काय लावायचा, नानाला तर कागद होता, आमचा कागद गेला कसा? मी सांगितलं, माझ्या पत्रकामुळे गेला. शेठला मीच कळवलं.

त्यानं पोतं पाठीवर घेतलं, मान तिरकी करून एकदा माझ्याकडे बघितलं.

“सरक भाऊ. गाडी भरानी शे.”